आठ दिवसांत जिना चढणारा माणूस

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'गुडघा बदलल्यानंतर मन कसं सांभाळावं'. समोर पाहतोय तर निम्मे लोक एक पाय लांब करून बसलेत, म्हणजे प्रास्ताविकाची गरज नाही. उरलेल्यांपैकी काहींची तारीख ठरलेली दिसते, आणि काही जण अशांचे नवरे, बायका, मुलं आहेत. या शेवटच्या मंडळींनी जरा जास्त लक्ष द्यावं, कारण माझा राग मुख्यतः तुमच्यावर आहे.

मी भूमितीचा मास्तर. आयुष्यभर पोरांना कोन मोजायला लावले. त्याचा सूड असा उगवला गेला की निवृत्तीनंतर माझा गुडघा बदलला आणि तो किती अंश वाकतो, हा कोन मोजायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायला लागली. गोनिओमीटर म्हणतात त्या साधनाला. लांब हातांचा कोनमापकच तो. "सर, ८२." पुढच्या खेपेला, "सर, ७९." झालं! दिवसभर मी कुणाशी बोललो नाही. आता हाताने कोन मोजताना चार-पाच अंश इकडचे तिकडे होतातच, आणि सूज सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. पण खाटेवर पडलेल्या माणसाला हे गणित कोण समजावणार? घरातले तर फोनवर निकाल जाहीर करत होते. "काल ८२ होता, आज घसरला." पंचक्रोशीत माझा गुडघा नापास.

माझं म्हणणं साधं आहे. ऑपरेशनआधी ज्या कागदावर आपण सही करतो, त्यात जंतुसंसर्ग असतो, रक्ताच्या गुठळ्या असतात, भुलीचे धोके असतात. 'काही आठवड्यांनी, सगळे तुम्हाला बरे समजायला लागतील तेव्हा, तुम्हाला रडू येईल आणि हे उगाच करून घेतलं असं वाटेल', हे वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. ते असायला हवं. खचणं हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही, पुष्कळांच्या बाबतीत तो या बरं होण्याचाच एक टप्पा असतो. आधी माहीत असलं तर माणूस निदान स्वतःला भित्रा म्हणत बसत नाही.

आता तो माणूस. तुम्हा सगळ्यांना तो माहीत आहे. त्याचा गुडघा बदलला आणि आठव्या दिवशी तो जिना चढला. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याला बरोबर घेऊन येतो. "आमच्या ओळखीत एक आहेत, आठ दिवसांत जिना! तुमचं अजून वॉकरवरच?" मग थोडी शांतता. मग, "असो, प्रत्येकाची प्रकृती." या 'असो'ला माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे.

मला वेळच वेळ होता. मी ठरवलं, हा माणूस शोधायचा. ज्यांनी सांगितलं त्यांना विचारलं, कोण हे गृहस्थ? तर ते त्यांच्या मेहुण्याच्या ऑफिसातले. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, ऑफिसातले नव्हेत, ऑफिसातल्या एकाचे व्याही. व्याह्यांचा नंबर मिळवण्यात मी एवढा रंगलो की मधल्या काळात व्यायामाच्या वेळी कण्हायचं विसरलो, हा एक फायदा. शेवटी फोन लागला. मी म्हटलं, "आपण आठव्या दिवशी जिना चढलात असं ऐकतो." पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "आठव्या दिवशी मला संडासात दोघांनी धरून नेलं होतं. जिना कुणी सांगितला?" पुढे बोलता बोलता कळलं की त्यांचा पूर्ण सांधा बदललेलाच नव्हता. आतल्या बाजूचा अर्धाच भाग बदलला होता. त्या ऑपरेशनात कापाकापी कमी, हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध बहुतेक जागच्या जागी राहतात, माणूस लवकर उभा राहतो. म्हणजे तुलनाच चुकीची. शिवाय वयाने माझ्याहून बरेच लहान.

फोन ठेवताना ते म्हणाले, "पण तुम्ही भूमितीचे सर ना? मला तर सगळे तुमचंच उदाहरण देतात. सर म्हणे महिन्याभरात गाडी चालवायला लागले." मला गाडी चालवताच येत नाही, मंडळी.

तेव्हा भेटायला जाणाऱ्यांनो, त्या माणसाला घरी ठेवून जा. आणि 'किती वाकतो?' हे विचारू नका. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५-७० अंश पुरतात, जिन्याला नव्वदच्या आसपास, बुटक्या खुर्चीतून उठायला शंभराच्या थोडं वर. मी विचारतो, तुमचा स्वतःचा किती वाकतो, सांगता येईल? नाही ना. चांगल्या गुडघ्याला आकडा नसतो. डॉक्टरांनी २०१२ साली एक प्रश्नावली केली, 'फरगॉटन जॉइंट स्कोअर', म्हणजे 'विसरलेल्या सांध्याचे गुण' नावाची. तिच्यात हेच विचारतात: चालताना, जिन्यावर, रात्री अंथरुणात, तुम्हाला त्या सांध्याची आठवण होते का? आठवण जितकी कमी, गुण तितके जास्त. विसरण्यावर गुण देणारी परीक्षा मी शिक्षकी पेशात कधी पाहिली नव्हती. १८९० साली बर्लिनमध्ये ग्लुक नावाच्या सर्जनने हस्तिदंताचा गुडघा बसवला होता. तिथून आपण कोबाल्ट-क्रोमचा धातू आणि पॉलिएथिलीनचं प्लास्टिक इथपर्यंत आलो, पण हा प्रश्न रुग्णाला विचारायला एवढी वर्षं लागली.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मूळ विषय आता सुरू होतोय, तेव्हा भराभर सांगतो.

मन का खचतं? पहिलं कारण झोप. रात्री दुखतं, कूस बदलता येत नाही, आठवडेच्या आठवडे सलग झोप नाही, कुणीही रडेल. दुसरं, जोरदार वेदनाशामकं. त्यांनी गुंगी येते, पोट साफ होत नाही, उत्साह बसतो. ती कमी कशी करायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा, मनाने एकदम बंद करू नका. तिसरं, मांडीचा पुढचा स्नायू. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्याहून खाली जाते. पाय आपला वाटत नाही, तो आळस नव्हे. सूज आणि ऊब कित्येक महिने राहते, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, चालताना आत टकटक वाजतं. हे बहुतेकांना होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी प्रत्येक टकटकीला गुडघा सुटला असं समजून घाबरत होतो.

दुखण्याबद्दल विचार करण्याची एक पद्धत मानसशास्त्रात मोजलेली आहे. तीन गोष्टी: तेच तेच घोळत राहणं, त्याला मोठं करून पाहणं, आणि आपल्या हातात काही नाही असं वाटणं. हे ऑपरेशनआधीच ज्यांच्यात जास्त असतं, त्यांना नंतर दुखणं जास्त राहण्याची शक्यता असते. म्हणून तारीख ठरलेल्यांनी आपली भीती आधीच डॉक्टरांना सांगावी. भीतीवर उपचार होतो, लाज वाटायचं कारण नाही. आणि पूर्ण सांधा बदललेल्यांत साधारण पाचांतला एक जण नंतरही फारसा समाधानी नसतो. हे घाबरवायला सांगत नाही. 'सगळे खूश, मीच कसा असा' या विचारातून सुटका व्हावी म्हणून सांगतो.

काय करायचं? मोजायचंच तर आठवड्यातून एकदा मोजा, रोज नको. वहीत कोनाशेजारी एक गोष्ट लिहा जी गेल्या आठवड्यात जमत नव्हती: पायमोजा स्वतः घातला, रात्री एकदाच जाग आली, असलं काही. व्यायामाआधी गोळी कधी घ्यायची ते विचारून ठेवा, कळा सुरू झाल्यावर धावपळ नको. चांगल्या दिवशी घर झाडायला घेऊ नका. त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी गुडघा मागतो. दिवसातून एक काम असं ठेवा ज्यात तुम्ही रुग्ण नाही. मी शेजारच्या मुलीला प्रमेयं शिकवायचो. तिने एकदाही गुडघ्याबद्दल विचारलं नाही, देव तिचं भलं करो. आणि सेवा करणाऱ्याला आठवड्यातून एक दुपार पूर्ण सुट्टी द्या. दोघंही थकलेली असली की भांडण चमच्यावरून होतं.

आता शेवटचं, हे मात्र विनोदात घेऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो टप्पा नव्हे, आजार आहे. डॉक्टरांना सांगा, आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी सांगा. पोटरी अचानक सुजून दुखली, धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला, जखमेतून पू आला, तर फोन करायला सकाळची वाट पाहू नका.

दुसरा गुडघा करावा का, हा मुद्दा राहिलाच. ज्यांना त्यावर बोलायचं आहे त्यांनी बाहेर भेटा. मी दाराशी उभा नसेन, जवळपासची उंच खुर्ची शोधा, तिच्यावर सापडेन.