सिग्नल खात्याचा पगार आणि रात्रपाळीचे पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

खानदेशात रेल्वेची नोकरी कुणाला नवी नाही. तरीही घरातल्या मुलाची किंवा मुलीची सिग्नल खात्यात निवड झाली की भुसावळपासून चाळीसगावपर्यंत प्रश्न एकच विचारला जातो, तो म्हणजे हातात किती पडतील. त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण मूळ वेतन ठरलेले असले तरी रात्रपाळ्या, क्वार्टर आणि बाहेरगावचे काम यांमुळे हातातली रक्कम दर महिन्याला बदलते.

सातव्या वेतन आयोगानुसार सिग्नलच्या टेक्निशियन ग्रेड 1 चे सुरुवातीचे मूळ वेतन 29,200 रुपये, तर ज्युनियर इंजिनिअरचे 35,400 रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता आणि वाहतूक भत्ता मिळतो. जळगाव, धुळे आणि भुसावळ ही शहरे झेड वर्गात असल्यामुळे घरभाडे भत्ता सर्वांत कमी दराचा असतो, आणि रेल्वेचे क्वार्टर घेतले तर तोही मिळत नाही.

सर्वाधिक गैरसमज रात्रपाळीच्या भत्त्याबद्दल आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेतील प्रत्येक तासामागे 10 मिनिटे जादा धरली जातात. म्हणजे आठ तासांच्या पूर्ण रात्रपाळीचा मोबदला 80 मिनिटांचा असतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला 200 ने भागले की तासाचा दर निघतो. मूळ वेतन 29,200 रुपये आणि महागाई भत्ता 50 टक्के धरला, तर हा दर 219 रुपये आणि एका रात्रीचा भत्ता 292 रुपये होतो. भर पावसात, मध्यरात्री, गाड्या खोळंबलेल्या असताना गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट मशीन उघडून बिघाड शोधणाऱ्या माणसासाठी ही रक्कम मला फार थोडी वाटते.

त्यातही 2020 च्या आदेशाने या भत्त्याला 43,600 रुपये मूळ वेतनाची मर्यादा घातली. ज्युनियर इंजिनिअर सात वार्षिक वेतनवाढींनंतर या आकड्यावर पोचतो आणि पुढच्याच वाढीला मर्यादेबाहेर जातो. सीनियर सेक्शन इंजिनिअरचे मूळ वेतन मुळात 44,900 रुपयांपासून सुरू होते, म्हणून त्या आदेशाप्रमाणे तो पहिल्या दिवसापासूनच अपात्र ठरतो, मग रात्रीची जबाबदारी कितीही असो. हे मला न्याय्य वाटत नाही.

ओव्हरटाइमचा हिशेब याहून वेगळा आहे. रेल्वे कायद्याप्रमाणे 'सतत' वर्गातील, म्हणजे ज्याच्या कामात फारशी उसंत नसते अशा कर्मचाऱ्याचे काम दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला 54 तासांपेक्षा अधिक झाले, तर वरच्या तासांना दुप्पट दर लागतो.

मुख्यालयापासून आठ किलोमीटरहून दूर काम निघाले, तर प्रवास भत्त्यातील दैनिक भत्ता तासांवर ठरतो: सहा तासांपर्यंत 30 टक्के, सहा ते बारा तासांना 70 टक्के आणि त्यापुढे पूर्ण. म्हणून पाचोऱ्याच्या मेंटेनरला चाळीसगावच्या बिघाडावर पाठवले, तर निघाल्याची व परतल्याची वेळ त्याने त्याच दिवशी लिहून ठेवावी, आणि रात्रीच्या तासांवर सुपरवायझरचा दाखला आहे की नाही हेही पाहावे.

भत्ता कमी आला, तर आधी पगारपत्रकातील तास आपल्या नोंदीशी जुळवावेत आणि मग कार्मिक विभागाकडे लेखी अर्ज करावा. मध्य रेल्वेच्या आपल्या भागातील कर्मचाऱ्यांसाठी हे कार्यालय भुसावळला आहे. अमळनेर, दोंडाईचा आणि नंदुरबारचे कर्मचारी मात्र पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात येतात, त्यामुळे त्यांचा अर्ज तिकडे जातो.