गोमुख: दगडांखालची बर्फाची नदी

देवघरातल्या गंगेच्या सीलबंद गडूचं माहेर म्हणजे हे गोमुख. पण इथे पोहोचलेला माणूस आधी जरा खट्टूच होतो. मनात पांढरीशुभ्र हिमनदी. समोर मात्र खडी फोडायच्या खाणीसारखा मळकट ढिगारा.

हीच गंगोत्री हिमनदी. लांबी सुमारे ३० किलोमीटर.

तिची सुरुवात वर, ७,१३८ मीटर उंचीच्या चौखंबाच्या उतारांवर होते. तिथे पडलेलं हिम उन्हाळ्यात पुरतं वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचं येऊन बसतं. वरच्या भाराने खालचा भुरभुरीत थर दबतो, आतली हवा निघत जाते. आधी साखरेसारखे दाणे होतात आणि कित्येक वर्षांनी टणक, निळसर बर्फ. हा थर पुरेसा जाड झाला, की तो स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. सरकताना तळ खरवडतो, कड्यांवरून कोसळलेले दगड अंगावर वाहून आणतो. मळकटपणा त्या दगडामातीचा. इथून निघणाऱ्या भागीरथीच्या, म्हणजे गंगेच्या, पाण्याचा राखाडी रंगही त्याच खरवडीतून आलेला.

गंगोत्री गावाहून गोमुख १८ किलोमीटर, सगळी पायवाट. परवाना आधी काढावा लागतो. दिवसाला १५० जणांनाच मिळतो. गंगोत्रीच मुळात ३,००० मीटरच्या वर. तिथे एक जादा मुक्काम कराच. दर रविवारी सह्याद्रीतला गड चढणाऱ्यालाही विरळ हवा सोडत नाही. डोकं ठणकतंय, मळमळतंय? मग वर जायचं नाही. त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

वाटेतल्या चीडबासाच्या पुढे वरून दगड सुटतात. तिथे फोटोसाठीही थांबू नका. ओढे सकाळीच ओलांडा. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं.

आणि हे मुख, म्हणजे हिमनदीच्या टोकाची बर्फाची कमान. वरून ऊन सैल करतंय, खालून पाणी पोखरतंय. घराएवढा तुकडा सुटतो, तेव्हा आधी कसलीही चाहूल लागत नाही. तरी लोक गडू भरायला थेट कमानीखाली शिरतात. गोमुखाच्या वरच्या तपोवन कुरणाची वाट तर हिमनदीवरूनच जाते; दगडांखाली भेगा लपलेल्या असतात, म्हणून वाटाड्याशिवाय तिकडे पाऊल टाकू नये.

गडू चार किलोमीटर अलीकडे, भोजबासाला भरा. काठावरूनच, प्रवाहात न उतरता. पाणी तेच आहे.