सहीपुरता पालक

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी, म्हणजे शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘सार्वजनिक शिक्षणातील सुधारणा आणि पालकांची भूमिका’. वाचून मला आमची प्रशिक्षणं आठवली. तिथंही विषय असेच लांबरुंद असायचे आणि दुपारच्या जेवणानंतर निम्मा हॉल डुलक्या घ्यायचा. म्हणून मी विषय लहान करून घेतो. मला बोलायचंय एका वहीबद्दल. शाळा व्यवस्थापन समितीची, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या पालक-शिक्षकांच्या समितीची, प्रोसिडिंगची वही. बैठकीत काय ठरलं ते तीत लिहायचं. इथं बसलेल्या गुरुजी-बाईंपैकी काहींना आत्ताच हसू फुटलं, म्हणजे वही ओळखीची आहे.

शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्यानंतर दोनेक वर्षांतली गोष्ट. मी एका द्विशिक्षकी शाळेवर मुख्याध्यापक होतो. समितीची बैठक दर महिन्याला व्हायला हवी. ती आमच्याकडं कागदावर अगदी वक्तशीर व्हायची. आदल्या रात्री मी घरी बसून इतिवृत्त लिहायचो. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. मग ती वही पिशवीत घालून मोटारसायकलवरून वस्त्या-वस्त्या फिरायचो आणि सह्या गोळा करायचो. बैठक माझ्या गाडीवरून गावभर फिरायची म्हणा ना.

एका रविवारी समितीतल्या एका ताईंकडं गेलो. त्या कपाशीत खुरपत होत्या. पदराला हात पुसून त्यांनी पेन घेतलं. साक्षरतेच्या वर्गात त्या आपलं नाव लिहायला शिकल्या होत्या, त्यामुळं सही ठसठशीत करायच्या. पण त्या दिवशी पेन हातात धरून त्यांनी विचारलं, “काय लिव्हलंय गुरुजी यात?”

मी म्हटलं, “काही नाही ताई, नेहमीचंच. करा सही.”

त्यांचा मुलगा बांधावर शेळीमागं बसला होता. चौथीत, माझ्याच वर्गात. त्यांनी त्याला हाक मारली. “ये रं, वाच बरं, गुरुजींनी काय लिव्हलंय त्ये.” पोरगा आला. ‘शाळा’ हा शब्द त्यानं वाचला. पुढं ‘व्यवस्थापन’ होतं. ‘व्य’वर तो थांबला, पुन्हा ‘व्य’ म्हणाला आणि मग वहीकडं न बघता माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या खालच्या ओळीतही त्याला जमेना. ताई म्हणाल्या, “चौथीला हाय न्हवं ह्यो?”

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, “अक्षर जरा किचकट आहे.” अक्षर माझं होतं. तालुक्याच्या हस्ताक्षर स्पर्धेला मी परीक्षक असायचो.

ताईंनी सही केली. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, परत खुरपायला गेल्या. मी गाडीला किक मारली आणि थोडं पुढं गेल्यावर थांबून त्या दिवशीचा ठराव वाचला. माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, ‘विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेबाबत सभेने समाधान व्यक्त केले.’

आज तुमच्यापुढं बोलायला लागलोय तो या एका वाक्यामुळं.

आता थोडं मागं जाऊ. आपल्याकडं शिक्षणाच्या सुधारणेत पालक कुठं होता? १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारी तिजोरीत पैसा कष्टकरी रयतेचा येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी तिथं सांगितलं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. सरकारनं ती बाजूला ठेवली. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. इंग्रज सरकारला जे परवडेना ते संस्थानांनी करून दाखवलं. सयाजीरावांनी बडोद्यात १९०६ साली, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली. कोल्हापुरात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. रुपया तेव्हा लहान नव्हता.

त्या दंडाला नावं ठेवायला मी उभा नाही. तो नसता तर आपल्यातल्या अनेकांचे आजोबा गुरांमागंच राहिले असते, माझे तर नक्कीच. पण त्यामागची समजूत लक्षात घ्या. शाळा आणि मूल यांच्या मधे उभी असलेली अडचण म्हणजे पालक. त्याला बाजूला सारा, नाहीतर दंड करा, म्हणजे मूल शाळेत येईल. ही समजूत आमच्या स्टाफरूममध्ये अजून जिवंत आहे. आता तिचं नाव आहे, ‘पालक जागरूक नाहीत.’ मी हे वाक्य चौतीस वर्षं ऐकलं आणि त्यातली वीस वर्षं स्वतः म्हटलं.

वेगळं पाऊल टाकलं ते बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढं १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. बाईंनी पालकांना दोष दिला नाही, शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. मुलं गुरं चारायला जातात ना, मग कुरणात शाळा भरवा, म्हणून ‘कुरणशाळा’. अंगणात शाळा भरली की एक गोष्ट आपोआप होते. घरातली बाई चुलीपाशी बसल्या बसल्या बघते की आपलं पोर काय करतंय. कुणी सभा बोलवावी लागत नाही, सही घ्यावी लागत नाही.

पुढं शिक्षणहक्क कायद्यानं तर पालकाला थेट खुर्ची दिली. कलम २१ नीट वाचा. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेच्या समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित घटकांतल्या मुलांच्या आईवडिलांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा, पैशाचा विनियोग तिनं बघायचा. देशातल्या किती सरकारी कचेऱ्यांच्या समितीत ज्यांच्यासाठी ती कचेरी चालते त्यांना तीन चतुर्थांश जागा आहेत? तलाठी कार्यालयात कल्पना करून बघा. (हशा)

गंमत अशी की हीच खुर्ची सोडून लोक इंग्रजी शाळेची फी भरायला धावतात. विनाअनुदानित खासगी शाळेला हे कलम लागूच नाही. तिथं पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याचा आवाज ऐकू येतो तो मुख्यतः फीवाढीच्या वेळी. पैसे मोजले की आपलं ऐकतील, असं पालकाला वाटतं. जिथं कायद्यानं ऐकायलाच हवं तिथं मात्र तो फिरकत नाही. याचा दोष मी त्याला देणार नाही, कारण तो फिरकला तेव्हा आम्ही त्याच्यापुढं पेन धरलं.

आणि पेन नाही तर पावतीपुस्तक. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. कार्यक्रमाचा हेतू चांगला होता, प्रत्येक मूल शिकलं पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, काम खरंच उभं राहिलं होतं, ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. पण आमच्यापैकी पुष्कळजण तिथून फरशीवरची चित्रं तेवढी घेऊन आलो. मग रंगाला पैसे, टीव्हीला पैसे, आयएसओ मानांकनाच्या पाटीला पैसे. लोकसहभाग म्हणजे लोकवर्गणी, असं समीकरणच झालं. शेतकऱ्यानं हजार रुपये दिले की त्याचं नाव फळ्याशेजारच्या भिंतीवर. त्याच्या मुलीला हातच्याची वजाबाकी येते की नाही, ते भिंतीवर कुठंच नाही.

इथं मी थोडा रेंगाळणार आहे. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की शिक्षकानं पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगावी. आम्ही सांगतो ना! प्रगतिपुस्तकात सांगतो. मराठी, ब-२. गणित, क-१. आणि शेजारी वर्णनात्मक नोंद, ‘उपक्रमात आवडीने सहभागी होतो.’ शेतात काम करणाऱ्या आईनं यातून काय समजावं? ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के, हे इथल्या सुशिक्षित मंडळींतही किती जणांना ठाऊक आहे? आणि टक्के कळून तरी काय? तिला विचारायचं असतं ते सरळ आहे. याला वाचता येतं का?

२००५ सालापासून मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे बघणारं ‘असर’चं सर्वेक्षण होतं, त्याच्या आकड्यांवरून वर्तमानपत्रांत दर वेळी खडाजंगी होते. आकड्यांत मी पडत नाही. मला त्याची पद्धत भावते. कार्यकर्ता शाळेत जात नाही, घरी जातो. ओट्यावर बसून मुलापुढं कागद ठेवतो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाच-दहा मिनिटांचा खेळ. आई दारात उभी राहून बघते. तिला अक्षर येत नसेल, पण अडखळणं कळतं. कपाशीच्या रानात त्या ताईंना कळलं, तसंच.

त्या रविवारनंतर मी लगेच शहाणा झालो, असं नाही. पुढचे दोन महिने वही तशीच फिरवली, फक्त त्या वस्तीवर दुसऱ्या गुरुजींना पाठवलं. लाज माणसाला आधी पळ काढायला लावते. तिसऱ्या महिन्यात मात्र मी बैठक खरीच बोलावली, संध्याकाळी सातला, देवळात, कारण दुपारी बारा वाजता रोजंदारी बुडवून कोण येणार? अकरा जण आले. मी इतिवृत्त वाचलं नाही. चौथीच्या मुलांनी एकेक परिच्छेद वाचला. सहा जणांना जमलं, पाच जणांना नाही. देवळात अगदी शांत झालं. मला वाटलं, आता माझी बदली. एक आजोबा म्हणाले, “मंग आता आमी काय करायचं, त्ये सांगा.”

या प्रश्नाची तयारी माझ्याकडं नव्हती. ‘घरी अभ्यास घ्या’ म्हणणं सोपं आहे. ज्या बाईला वाचता येत नाही तिनं अभ्यास घ्यायचा कसा? आपण तिला मास्तरीणबाई करायला निघतो, ती बिचारी ओशाळते आणि सभेला यायची बंद होते. आम्ही फार चर्चा न करता एवढंच ठरवलं. रात्री जेवण झालं की पोरानं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि घरातल्या कुणीतरी एकानं ऐकायचं. चुका काढायच्या नाहीत. ऐकून झाल्यावर विचारायचं, ‘मग पुढं काय झालं?’

२०२२ साली राज्यानं शाळापूर्व तयारीचं ‘पहिले पाऊल’ अभियान काढलं आणि गावोगाव माता-पालक गट झाले, तेव्हा मला फार बरं वाटलं. मेळाव्यात आई मुलाचा हात धरून टेबला-टेबलांवर जाते, पोर काय करू शकतं ते स्वतः बघते. घरी करायच्या गोष्टी कशा? भाजी निवडताना वेगवेगळी करायला लाव, कपड्यांच्या घड्या घालायला लाव, डब्यांची उतरंड मोजायला लाव. यात आईला शिकवायचं काही नाही, तिला येतं तेच आहे. जिथं गट चालले तिथं बायका शाळेच्या फाटकातून आत येताना पदर सावरत थांबत नाहीत, एवढा बदल मी डोळ्यांनी पाहिला.

आता इथल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट. आपल्या भागातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची आगाऊ उचल अंगावर, आणि सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, संसार. मुलं बरोबर गेली की शाळा सुटली. म्हणून हंगामी वसतिगृहं आली. तीही चालवायची या शाळा व्यवस्थापन समितीनंच. मूल आजी-आजोबांजवळ गावात राहतं, दोन्ही वेळचं जेवण समिती देते. पोर बरोबर गेलंच, तर तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड. कागदावर सगळं चोख आहे. निधी उशिरा येतो, मग किराणा दुकानदाराची उधारी मुख्याध्यापकाच्या नावावर चढते, तो वेगळा विषय. त्यावर बोलायला लागलो तर अध्यक्ष घंटी वाजवतील.

पण सभांमध्ये ‘पालकांची भूमिका’ म्हटलं की मला हे पालक आठवतात. यांची भूमिका काय? आई तीनशे किलोमीटरवर आहे, पहाटे चारला गाडीमागं लागलेली आहे. समितीत तिचं नाव आहे, सही कुणाची घ्यायची?

माझ्या केंद्रातल्या एका बाईंनी वसतिगृहात एक सवय लावली. संध्याकाळच्या जेवणानंतर त्या आपल्या मोबाईलवरून एकेका घरी फोन लावायच्या, म्हणजे फडावर. रोज दोन-तीन मुलं. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि मुलानं पुस्तकातला धडा आईला वाचून दाखवायचा. मी एकदा भेटीला गेलो तेव्हा तिसरीतली एक मुलगी कोल्ह्याची गोष्ट वाचत होती. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, मधेच कुणीतरी खोकत होतं, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. मुलगी ‘आणि मग कोल्हा झाडामागे’ इथंवर आली आणि फोन बंद पडला. पलीकडचं चार्जिंग संपलं. मुलगी हिरमुसली, पुस्तक मिटून आजीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या बाईंचा फोन वाजला. अनोळखी नंबर, कुणाच्या तरी मोबाईलवरून. पलीकडून ती आई म्हणाली, “बाई, गाडी भरून झाली, दोनच मिन्टं हायत. त्या कोल्ह्याचं काय झालं वो?”

बाईंनी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “थांबा, तिलाच बोलावते.”