जांभई: हुकमाबाहेरची हालचाल

श्रोतेहो, नमस्कार.

समोरच्याने जांभई दिली की तो कंटाळला, असं आपण धरूनच चालतो. पण शर्यत सुरू होण्याआधी धावपटू जांभया देतात, विमानातून उडी घेण्याआधी छत्रीधारी सैनिकही देतात. त्या घटकेला त्यांना झोप कुठली सुचणार?

रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की जांभई येते, हे उत्तर अजूनही सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ साली ते तपासलं. त्यांनी विद्यार्थ्यांना कधी निव्वळ ऑक्सिजन दिला, तर कधी जादा कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा. जादा कार्बन डायऑक्साइडने श्वासाचा वेग वाढला, जांभया मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. शिवाय आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं. तिथे तर श्वास घ्यायला हवाच नसते!

मग जांभई येते कशाला? जांभईचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अँड्र्यू गॅलप यांच्या मते, तापलेला मेंदू थंड करायला. जबडा पूर्ण ताणला की डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि बाहेरची गार हवा आत जाते. उंदरांच्या मेंदूचं तापमान मोजलं, तेव्हा ते जांभईच्या आधी चढलेलं आणि नंतर उतरलेलं दिसलं. दुसऱ्यांच्या जांभया पाहणाऱ्या माणसांच्या कपाळावर गार पट्टी ठेवली, तर त्यांना जांभया कमी आल्या. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, पण मला हा पुरावा वजनदार वाटतो.

तुम्हीही एक करून पाहा. पुढची जांभई आली की दात घट्ट आवळून धरा. ती मध्येच अडकते. धड पुरी होत नाही, धड विरतही नाही. एकदा सुरू झालेली जांभई आपल्या इच्छेला जुमानत नाही, कारण तिचा कारभार मेंदूच्या तळाशी, फार जुन्या भागात चालतो.

याचा सर्वांत थक्क करणारा दाखला पक्षाघाताच्या काही रुग्णांमध्ये दिसतो. एक हात लुळा पडलेला असतो, कितीही मनावर घेतलं तरी हलत नाही. जांभई आली की तोच हात आपोआप वर उचलला जातो आणि जांभई ओसरताच खाली येतो. हाताला हुकूम पोहोचवणारी नेहमीची वाट तुटलेली असते, जांभईची वाट वेगळी असते. घरच्यांना मात्र वाटतं, हातात ताकद आली. अशा रुग्णाच्या कुटुंबाला डॉक्टरांनी हे आधीच समजावून सांगायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.