माऊस रणगाडा बॅटरीवर चालत नव्हता!

नमस्कार मंडळी! महायुद्धातल्या अवजड रणगाड्यांचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच कमेंट वेगवेगळ्या नावांनी येतेय. "दादा, जर्मनांनी ऐंशी वर्षांपूर्वीच इलेक्ट्रिक टँक बनवला होता ना? मग चार्ज कुठे करायचे?" म्हटलं, आता यावर नीट बोलायलाच हवं.

कमेंटमधला हा टँक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा माऊस. त्याची ओळख पटकन उरकतो, बऱ्याच जणांना ती व्हिडिओ गेममुळे पाठ आहे. वजन १८८ टन. आत सहा जण. १२८ मिलिमीटरची मुख्य तोफ आणि तिला लागूनच ७५ मिलिमीटरची दुसरी. डिझाइन इंजिनिअर फर्डिनंड पोर्शे यांचं. काम १९४२ मध्ये सुरू झालं, डिसेंबर १९४३ मध्ये पहिला माऊस चालवून बघितला. बनले दोनच. वजनाचा अंदाज हवा असेल तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात जा, तिथे ब्रिटिशांचा चर्चिल उभा आहे. त्याच्या चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्याची एक कडी हातभर अंतरावरून बघितली तरी छाती दडपते, आणि तो साधारण ४० टनांचा. माऊस त्याच्या साडेचारपटीहून जड!

आता मुद्दा. पहिल्या माऊसमध्ये इंजिन होतं, पेट्रोलचं. विमानाच्या इंजिनावरून बनवलेलं, साधारण १०८० अश्वशक्तीचं. हे इंजिन पट्टे फिरवत नव्हतं. ते जनरेटर फिरवायचं. जनरेटरमधून वीज निघायची, ती मागच्या दोन मोटरींना जायची, आणि मोटरी पट्टे फिरवायच्या. डाव्या पट्ट्याला एक मोटर, उजव्याला एक. वीज बनली की त्याच क्षणी खर्च. साठवायची सोयच नाही, म्हणून चार्जिंगचा प्रश्नच नाही. टाकीत पेट्रोल भरायचं, बस्स.

माझे एक काका पुण्याच्या डिझेल लोको शेडमध्ये होते. लहानपणी त्यांनी मला दाखवलं होतं की रेल्वेचं डिझेल इंजिन थेट चाकं ओढत नाही, ते आधी वीज बनवतं आणि चाकांना जोडलेल्या मोटरी गाडी ओढतात. कोकण रेल्वेवर डिझेलच्या गाड्या वर्षानुवर्षं अशाच धावल्या. त्यांना कुणी "इलेक्ट्रिक इंजिन" म्हणत नाही. मग माऊसलाच का म्हणायचं?

"पण एवढा खटाटोप कशाला, साधा गिअरबॉक्स लावायचा ना!" असं एका ताईंनी विचारलंय, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. रणगाड्याला वळवायला स्टिअरिंगचं चाक पुरत नाही. एक पट्टा हळू, दुसरा जोरात, तेव्हा तो वळतो. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत उतरलेला ब्रिटिशांचा मार्क वन घ्या. तो चालवायला आणि वळवायला चार माणसं लागायची: कमांडर, चालक आणि मागे गिअर बदलणारे दोघे. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही. फ्रेंचांनी १९१७ मध्ये सँ-शामों रणगाडा आणला तो पेट्रोल आणि विजेच्या जोडीवर, आणि तो एकटा चालक वळवू शकायचा. एका मोटरला वीज कमी, दुसरीला जास्त, झालं काम. १८८ टनांसाठी पुरेल असा गिअरबॉक्स बनवण्यापेक्षा पोर्शेंना हा मार्ग पटला. त्यात बॅटरी कुठे आली?

अजूनही शंका असेल तर ही गोष्ट ऐका, हा माझा सगळ्यात आवडता पुरावा आहे. माऊसचं वजन पेलतील असे पूल नव्हते. त्यामुळे नदी तळातून चालत पार करायची, असा बेत होता. पाण्याखाली इंजिनाला हवा कुठून मिळणार? म्हणून काठावर दुसरा माऊस उभा करायचा, त्याचं इंजिन सुरू ठेवायचं, आणि केबलने त्याची वीज पाण्यातल्या माऊसच्या मोटरींना द्यायची. पलीकडे पोचला की तो अलीकडच्याला वीज देणार. बॅटरी असती, तर ही केबल लागली असती का? सांगा!

ज्यांच्या थंबनेलवर "हिटलरचा बॅटरी टँक" असं लिहिलेलं असतं त्यांचा मला खरंच राग येतो. शाळेतली मुलं ते बघून वादविवादात ठासून सांगतात.

या पद्धतीचे तोटे मात्र मोठे होते. जनरेटर, मोटरी, तांब्याच्या तारा, सगळंच जड, आणि जर्मनीत तांब्याची टंचाई. पोर्शेंचा टायगरही असाच होता, तो हेन्शेल कंपनीच्या टायगरपुढे स्पर्धेत हरला. त्याचे तयार सांगाडे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांवर फर्डिनंड ही तोफगाडी बनवली आणि जुलै १९४३ मध्ये रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत उतरवली. ब्रिटिशांनीही ८० टनांचा टॉग-टू रणगाडा याच पद्धतीने बनवून बघितला, तो आज इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात आहे. अमेरिकनांचे याच पद्धतीचे टी-२३ रणगाडे तर सुमारे २५० बनले, पण आघाडीवर गेले नाहीत. त्यांचा टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, मात्र ७६ मिलिमीटर तोफेच्या शर्मन रणगाड्यांवर चढला आणि १९४४ पासून लढाईत उतरला. टी-२३ वर स्वतंत्र व्हिडिओ करणार आहे, तो विषय इथे उरकण्यासारखा नाही.

शेवटची कमेंट: "कुबिंकाचा माऊस ओरिजिनल आहे का?" कुबिंका म्हणजे मॉस्कोजवळचं रणगाडा संग्रहालय. हो, पण दोन रणगाड्यांचा मिळून. पहिल्या माऊसवर टरेटच्या जागी नुसतं वजन ठेवून चाचण्या झाल्या होत्या. खरा टरेट दुसऱ्यावर होता, आणि १९४५ मध्ये जर्मनांनी तो दुसरा स्फोटाने उडवला. सोव्हिएत सैन्याने जर्मनांच्याच सहा अवजड ओढगाड्या जुंपून ५५ टनांचा तो टरेट सांगाड्यावरून ओढून काढला, पहिल्यावर बसवला आणि मे १९४६ मध्ये कुबिंकाला नेला.