राजाची तीन गाणी

[दृश्य : बँकॉकमधलं चित्रपटगृह. पडदा अजून कोरा. प्रेक्षक जागा शोधताहेत. बहुतेकांच्या अंगावर काळे कपडे.]

2016 च्या सुमारास थायलंडमध्ये सिनेमा सुरू होण्याआधी अख्खं चित्रपटगृह उभं राहायचं. पडद्यावर राजाची छायाचित्रं यायची आणि राजगीत वाजायचं. एकोणिसाव्या शतकातल्या या गीताची चाल प्योत्र श्चुरोव्स्की नावाच्या रशियन संगीतकाराची. गीत संपायचं, लोक खाली बसायचे, दिवे मालवायचे.

डिसेंबर 2016 मध्ये हे उभं राहणं लोकांना जड जात होतं. राजे भूमिबोल अदुल्यदेज 13 ऑक्टोबरला गेले होते. सत्तर वर्षं ते गादीवर होते. देशातल्या बहुतेक माणसांनी आयुष्यात दुसरा राजा पाहिलाच नव्हता. सरकारने वर्षभराचा दुखवटा जाहीर केला. गाण्याबजावण्याचे कार्यक्रम रद्द झाले, दूरचित्रवाणीवरचे रंग गेले. दुकानांत काळे कपडे मिळेनासे झाले, तेव्हा लोक घरातले रंगीत कपडे घेऊन आले आणि मोठमोठ्या पातेल्यांत उकळून काळे करून घेऊ लागले. 22 ऑक्टोबरला राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर लाखाहून जास्त लोक जमले आणि त्यांनी एकत्र राजगीत गायलं.

राजाच्या मृत्यूला बरोबर सात आठवडे झाले त्या दिवशी, म्हणजे 1 डिसेंबरला, एक चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच संध्याकाळी युवराज वजिरालोंगकोर्न यांनी राजपद स्वीकारलं. चित्रपटाचं नाव ‘फोन चाक फा’, म्हणजे आभाळातून आलेला आशीर्वाद. परदेशात तो ‘अ गिफ्ट’ या नावाने गेला.

[संगीत : सॅक्सोफोनवर ‘याम येन’ची सुरुवात, हळूहळू चढत.]

तीन प्रेमकथा, तीन गाणी. आणि तिन्ही गाण्यांचे संगीतकार एकच : नुकतेच गेलेले राजे.

असा चित्रपट सात आठवड्यांत उभा राहत नाही. तो लिहिला गेला, चित्रित झाला, तेव्हा राजे हयात होते. बनवणाऱ्यांच्या मनात हा मानवंदनेचा, आनंदाचा सिनेमा असणार. प्रेक्षकांपर्यंत पोचेतो तो शोकसभेसारखा झाला. पण पडद्यावर शोक कुठेच नाही. तिथे तरुण मुलं एकमेकांना चिडवताहेत, कुणी पियानो शिकतंय, ऑफिसातली माणसं लपूनछपून बँड चालवताहेत. काळ्या कपड्यातले प्रेक्षक हे बघत बसले होते. या चित्रपटाबद्दल बोलताना हे चित्र मला बाजूला ठेवता येत नाही.

[दृश्य : लोझान शहर, जिनिव्हा सरोवर. जुनी कृष्णधवल छायाचित्रं : हातात सॅक्सोफोन घेतलेला मुलगा.]

आधी संगीतकाराची ओळख करून घेऊ.

भूमिबोल यांचा जन्म 5 डिसेंबर 1927 चा, अमेरिकेतल्या केंब्रिज गावचा. वडील तिथे वैद्यकीचं शिक्षण घेत होते. बालपण आणि शाळा स्वित्झर्लंडमध्ये, लोझान शहरात. तिथेच सॅक्सोफोन हाती आला. सिडनी बेशे, जॉनी हॉजेस या जॅझ सॅक्सोफोनवादकांच्या तबकड्या लावायच्या आणि त्यांच्याबरोबर वाजवायचं, असा त्यांचा रियाज. पुढे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, पियानो, गिटारही आली. 1960 मध्ये न्यूयॉर्कला गेले असताना ते क्लॅरिनेटचे बादशहा बेनी गुडमन यांच्याबरोबर वाजवायला बसले. 1964 मध्ये व्हिएन्नात टोनकुन्स्टलर वाद्यवृंदाने त्यांच्या रचना सादर केल्या आणि तिथल्या संगीत अकादमीने त्यांना मानद सदस्यत्व दिलं. त्यांच्या नावावर एकोणपन्नास रचना मोजल्या जातात. जॅझ आणि ब्लूजमध्ये मुरलेला हा हात आहे. केवळ राजा म्हणून टाळ्या मिळवणाऱ्या हौशी माणसाचा तो नव्हे.

‘याम येन’ ही त्यातली सुरुवातीची रचना. साल 1946. नावाचा अर्थ संध्याकाळ. सूर्य ढगांआड कलतो, उजेड ओसरतो आणि दूर असलेल्या माणसाची आठवण दाटून येते, असा गाण्याचा भाव. चाल मात्र फॉक्सट्रॉट या पाश्चात्त्य नाचाची, पाय आपोआप हलायला लावणारी. मे महिन्यात बँकॉकच्या सुआन अंफोर्न इथे क्षयरोगाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेसाठी नृत्याचा कार्यक्रम झाला. तिथे हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं. त्याच काळात मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक हाच फॉक्सट्रॉट आणि हाच स्विंग हिंदी सिनेगीतांत मिसळत होते. म्हणून असेल, पण ‘याम येन’ पहिल्यांदा ऐकतानाही मराठी कानाला ते परकं वाटत नाही.

गाणं रचलं तेव्हा भूमिबोल अठरा वर्षांचे होते. राजे नव्हते. गादीवर त्यांचे थोरले भाऊ आनंद महिडोल होते. भाऊ राजा आहे, आपण शिकायचं आणि वाजवायचं, एवढंच आयुष्य समोर असलेला एक तरुण. त्यानंतर काही आठवड्यांतच, 9 जून 1946 रोजी, आनंद महिडोल राजवाड्यात गोळी लागून मेलेले सापडले. त्याच दिवशी धाकटा भाऊ राजा झाला.

हे ठाऊक झाल्यावर ‘याम येन’ पूर्वीसारखं ऐकू येत नाही. मुकुटाचा भार डोक्यावर यायच्या आधीच्या शेवटच्या दिवसांतलं ते गाणं आहे.

[दृश्य : समारंभाची तयारी. रिकाम्या खुर्च्या, नावांच्या पाट्या, लाल गालिचा.]

चित्रपटातली पहिली गोष्ट या गाण्यावर बेतलेली. दूतावासाच्या एका समारंभाची रंगीत तालीम चालू आहे. खरे राजदूत आणि त्यांच्या पत्नी तालमीला कशाला येतील? त्यांच्या जागी उभं राहायला दोन विद्यार्थी बोलावलेत. त्याने राजदूतासारखं चालायचं, तिने पत्नीसारखं शेजारी बसायचं. इतरांनी त्यांच्यासमोर अदबीने झुकायचं. नाफत सियांगसोम्बून आणि व्हायोलेट वॉतिये ही जोडी आहे. व्हायोलेट मूळची गायिका, गाण्याच्या स्पर्धेतून पुढे आलेली.

कल्पना गोड आहे. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून नवरा-बायकोचं नाटक करता करता खरंच काहीतरी सुरू होतं. तिन्हींत ही गोष्ट सगळ्यात हलकी, आणि माझ्या मते सगळ्यात कमी खोल. पण ती पहिली ठेवली हे बरोबर केलं. गाण्याच्या वयाला ती शोभते.

[शांतता. मग पियानोची एकच पट्टी, थोडी बेसूर. पुन्हा तीच.]

दुसऱ्या गोष्टीपाशी मात्र थांबावं लागतं.

फा नावाची मुलगी. आई गेली आहे. वडिलांना अल्झायमर झालाय. नोकरी सोडून ती त्यांची देखभाल करायला घरी येते. ज्यांनी असं माणूस घरात सांभाळलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको : दिवसातून कितीदा तोच प्रश्न, कितीदा तेच उत्तर, आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारल्यावर पोटात पडणारा खड्डा. घरात आईचा पियानो आहे. तो सुरात लावायला एक माणूस येतो. हे काम करणाऱ्या एयच्या भूमिकेत सनी सुवनमेथानोंत आहे, आणि फा झाली आहे निथा जिरायुंगयुर्न.

पियानो सुरात लावणारा हे पात्र निवडण्यात लेखकाची समज दिसते. या वाद्यात दोनशेहून जास्त तारा असतात. त्या लोखंडी चौकटीत ताणलेल्या आणि लाकडी फळीवर टेकलेल्या असतात. हवेतला दमटपणा वाढला की फळी फुगते, तारांचा ताण बदलतो, सूर सरकतो. बँकॉकसारख्या दमट शहरात, बंद पडून राहिलेल्या पियानोचं काय होत असेल याचा अंदाज करा. तो लावणाऱ्या माणसाला एकेका तारेपाशी कान देऊन बसावं लागतं. घाई करून चालत नाही. फाच्या घरात त्या वेळी नेमकी अशाच माणसाची गरज असते.

वडिलांसाठी फा एक धून शिकायला बसते. ‘नाय दुआंगजाय निरन’ हे तिचं नाव. इंग्रजीतलं नाव ‘स्टिल ऑन माय माइंड’. भूमिबोल यांनी ती 1965 मध्ये रचली. आधीच्या गाण्यांचे शब्द बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेले. इथे पहिल्यांदाच त्यांनी चालीबरोबर इंग्रजी शब्दही स्वतः लिहिले. गाणं मंद आहे. विसरायचं ठरवूनही मनातून न जाणाऱ्या माणसाबद्दल आहे.

अल्झायमरचे जाणकार सांगतात की ओळखीच्या गाण्यांची स्मृती पुष्कळदा इतर आठवणींपेक्षा जास्त काळ टिकते. नावं जातात, चेहरे जातात, आणि जुन्या गाण्याचा एक तुकडा लागला की माणूस पुढची ओळ गुणगुणतो. अशा प्रसंगाचा सिनेमावाल्यांनी चमत्कार करून टाकण्याचा धोका असतो. इथे फाची बोटं अडखळतात, पट्टी चुकते, ती पुन्हा सुरू करते. आपलं लक्ष वडिलांच्या आजारावरून तिच्या शिकण्याकडे सरकतं. ज्या बाईला गाणं येत नाही ती, ज्याला आता फारसं काही आठवत नाही अशा माणसासाठी, ते शिकते आहे. माझ्या लेखी चित्रपटाचा खरा गाभा हाच.

एक गोष्ट बाहेरच्या प्रेक्षकाच्या लक्षात येणार नाही. 5 डिसेंबर, म्हणजे भूमिबोल यांचा वाढदिवस, थायलंडमध्ये पितृदिन म्हणून पाळला जातो. ही बाप-लेकीची गोष्ट पडद्यावर आली त्यानंतर चारच दिवसांनी राजाविना पहिला पितृदिन होता. चित्रपटगृहात कोण कुणासाठी रडत होतं, हे वेगळं काढता आलं नसतं.

[दृश्य : डिसेंबरअखेरचं बँकॉक. रोषणाई, मॉल, रस्त्यावरची गर्दी. संगीत : ‘फोन पी माय’.]

तिसरं गाणं थायलंडमध्ये प्रत्येकाला पाठ आहे. ‘फोन पी माय’, नववर्षाच्या शुभेच्छा. डिसेंबर उजाडला की रेडिओवर, दुकानांत, शाळांत ते सुरू होतं.

1951 च्या डिसेंबरात भूमिबोल शिक्षण आटोपून कायमचे मायदेशी परतले. मधल्या पाच वर्षांत पुष्कळ घडून गेलं होतं : मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती, सिरिकित यांच्याशी लग्न झालं होतं, राज्याभिषेक झाला होता. नवीन वर्षाला प्रजेला काहीतरी द्यावं असं त्यांच्या मनात आलं. गाण्याच्या जन्माची हकिकत अशी सांगतात : गाण्याचा पहिला भाग त्यांनी सॅक्सोफोनवर वाजवला, दुसरा भाग राजपुत्र चक्रबंधू पेन्सिरी यांनी ट्रम्पेटवर जोडला, तिसरा पुन्हा राजांनी, चौथा पुन्हा राजपुत्रांनी. असं आळीपाळीने ते पूर्ण झालं. शब्द चक्रबंधूंनी लिहिले. 1 जानेवारी 1952 रोजी चुलालोंगकोर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाने आणि सुंथराफोर्न वाद्यवृंदाने ते लोकांना ऐकवलं.

दोघांनी मिळून भेंड्या खेळाव्यात तसं रचलेलं हे गाणं. ते एकट्याचं नाहीच, आणि तिसऱ्या गोष्टीत ते बँडच्या हाती दिलंय.

चंतविथ धनसेवी इथे पूर्वाश्रमीचा रॉक वादक आहे. बँड सुटला, आता कडक शिस्तीच्या ऑफिसात नोकरी. गळ्यात ओळखपत्र, समोर संगणक. पण त्या ऑफिसात काही सहकारी गुपचूप वाजवत असतात, आणि त्यांच्यात नुंगथिदा सोफोनची किम आहे. कुणी चांगलं वाजवतं, कुणी जेमतेम. गोष्ट मोकळी, गमतीची, थोडी गोंगाटाची आहे. मध्ये ती लांबते. तरी हिशेबाच्या कागदांतून उठून आलेली माणसं जेव्हा वाद्य हातात घेतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड खरा वाटतो.

[दृश्य : चित्रपटाचं पोस्टर, श्रेयनामावली.]

तीन गोष्टींमागे चार दिग्दर्शक आहेत : जिरा मलिकुल, निथिवत थराथोर्न, चायानोप बूनप्रकोब आणि क्रियांगक्राय वाचिरथमपोर्न. निर्मिती जीडीएच 559 या त्या वर्षीच सुरू झालेल्या कंपनीची. निथिवत आणि चायानोप यांनी याआधीही वाजवणाऱ्या पोरांच्या गोष्टी पडद्यावर आणल्या होत्या. वाद्याला हात कसा लागतो आणि चूक कशी होते, हे त्यांना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. थायलंडमध्ये राजाचा अवमान हा गंभीर गुन्हा आहे. दंडविधानाच्या कलम 112 नुसार एकेका आरोपाला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अशा देशात राजाच्या गाण्यांवरचा सिनेमा स्तुतीपलीकडे जाईल अशी अपेक्षा धरता येत नाही. भूमिबोल यांच्या राजवटीतले लष्करी उठाव, 1976 मध्ये थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेला हल्ला, यांपैकी कशाचीही सावली या चित्रपटावर पडत नाही. हे जाणूनच तो पाहावा.

तरीही तो स्तुतिपाठ होत नाही, आणि त्याचं श्रेय मी दिग्दर्शकांना देतो. राजाचं चरित्र सांगण्याच्या वाटेला ते गेले नाहीत. ज्या राजासाठी लोक ताठ उभे राहायचे, हात जोडायचे, त्याची गाणी त्यांनी बदली राजदूताला, बेसूर पियानोला आणि ऑफिसच्या बँडला दिली. तिथे ती चुकतात, तुटतात, पुन्हा सुरू होतात. गाणं रचणाऱ्याला याहून मोठा मान कोणता द्यायचा?

[संगीत : तिन्ही धून एकामागून एक, प्रत्येकीची पहिली ओळ.]

चित्रपट पाहणार असाल तर आधी ही तीन गाणी मूळ रूपात ऐकून घ्या. ‘याम येन’ जुन्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात, ‘स्टिल ऑन माय माइंड’ नुसत्या पियानोवर, आणि ‘फोन पी माय’ भरपूर माणसांनी मिळून गायलेलं. चाली कानात बसल्या असतील तर दुसऱ्या गोष्टीत फाचं बोट नेमकं कुठे चुकतं, ते तुम्हाला उपशीर्षकांशिवाय कळेल.