गायीची सुई, गिधाडाचं मरण

हे स्क्रीनवर पोस्टमॉर्टेम दिसतंय ना, ते गिधाडाचं आहे. लिव्हरवर बघा, पांढरा थर, चुना फासल्यासारखा. हे युरिक ॲसिड. किडनी बंद पडली की पक्ष्याच्या अंगातून ते बाहेर जात नाही, आतल्या अवयवांवरच साचत जातं आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास.

नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं झपाट्याने कमी होतायत. नंतरच्या मोजणीत तर पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ दरम्यान भारतात ९९.९ टक्के कमी झालेलं निघालं. आधी संशय रोगावर, कीटकनाशकांवर. मग २००४ मध्ये पाकिस्तानातल्या कामातून उत्तर मिळालं. असा गाउट, म्हणजे अवयवांवर युरिक ॲसिड साचून मेलेली २५ गिधाडं तपासली, पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफिनॅक. दुसऱ्या कारणांनी मेलेली १३ तपासली, एकातही नाही. डायक्लोफिनॅक म्हणजे तेच हो, आपण कंबर धरली की घेतो ते. गुरांनाही त्याची सुई सर्रास टोचली जायची, स्वस्त आणि लगेच आराम, शेतकऱ्याला दुसरं काय पाहिजे.

आता एखादं केमिकल निसर्गाला किती घातक, हे बघायची नेहमीची रीत काय, तर डॅफ्निया नावाचा पाण्यातला बारका जीव ४८ तास, मासे ९६ तास, शेवाळ ७२ तास त्या केमिकलच्या पाण्यात ठेवायचं आणि कितीवर निम्मे दगावतात, किंवा शेवाळाची वाढ निम्मी होते, ते बघायचं. मग प्रत्यक्षात पाण्यात किती उतरेल त्याचा अंदाज काढून दोन आकडे शेजारी ठेवायचे. रीत वाईट नाही. पण ती औषध गटारातून नदीत जाईल एवढंच धरून चालते, आणि हे औषध नदीत गेलंच नव्हतं, ते मेलेल्या गायीच्या मांसात बसलं होतं. ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचं आणि गिधाडांनी तासाभरात साफ करायचं, ही आपल्याकडची वहिवाट कुठल्या फॉर्ममध्ये भरणार?

आणि डोस किती म्हणाल तर किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, एवढ्यात निम्मी गिधाडं जातात. म्हणजे पाच किलोच्या पक्ष्याला जेमतेम एक मिलिग्रॅम, आपली गोळी ५० ची असते. गणित असं निघालं की ७६० मेलेल्या जनावरांत एकात जरी औषध असलं तरी गिधाडांची संख्या अशी कोसळायला पुरतं.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या टर्की व्हल्चरला याच्या शंभरपटीहून जास्त डोस दिला तरी काही झालं नाही. म्हणजे टेस्ट तिकडच्या गिधाडावर केली असती तर औषध बिनधास्त पास. कुठला जीव निवडला यावर सगळं ठरतं, आणि मला वाटतं केमिकल निसर्गाला किती घातक हे तपासायच्या या फील्डमध्ये याच गोष्टीवर सगळ्यात कमी बोललं जातं.

२००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पर्याय शोधताना मात्र क्रम उलटा केला, आधी गिधाड मग बाजार. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यातल्या गिधाडांना मेलोक्सिकॅम नावाचं दुसरं वेदनाशामक देऊन पाहिलं, पक्षी ठणठणीत. तरी पळवाटा राहिल्याच, माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचायच्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसपुरतंच ठेवलं.

आणि ॲसिक्लोफिनॅक या आणखी एका वेदनाशामकाची तर कमालच. नाव वेगळं, डबा वेगळा, पण गायीच्या अंगात गेलं की थोड्याच वेळात त्याचं डायक्लोफिनॅक होतं. केटोप्रोफेन हे तसंच वेदनाशामकही गिधाडांना मारतं हे दाखवणारा पेपर २००९ च्या शेवटी आला होता. या दोन्ही औषधांवर गुरांसाठी बंदी आली २०२३ मध्ये.